नानांचा डावा पाय

गाडी बंद पडली त्याच्या क्षणभर आधी नानांचा डावा पाय हलला होता. दोनदा. माझ्या शेजारच्या सीटसमोर रबरी मॅट आणि आईने कोंबलेली कोकमांची पिशवी सोडली तर काहीच नव्हतं, तिथे त्यांनी क्लच दाबला, सोडला आणि पुन्हा दाबला. मी ते डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं, आणि तेवढ्यात इंजिनाने घर्रर्र करत अंग झटकलं आणि गप्प झालं. मे महिना, सकाळचे साडेअकरा, कुंभार्ली घाटातलं आतल्या बाजूचं एक वळण. मागे आई, नवरा आणि मुलगा, डिकीत दोन पेट्या आंबे, तांदूळ, एक फणस. गाडी वीतभर मागे आली, मी हँडब्रेक ओढला, आणि आरशात जांभ्या चिऱ्यांनी भरलेल्या एका ट्रकचं लाल धुळीने माखलेलं तोंड दिसलं. ट्रक थांबला नाही. हॉर्न देत, रस्त्याची सगळी रुंदी वापरत, माणूस भरभर चालेल अशा वेगाने तो आमच्या उजवीकडून वर निघून गेला. क्लीनर खिडकीतून अर्धा बाहेर आला होता. त्याने हाताचं एक बोट दाखवलं आणि ओरडला, "ताई, पयला टाका, पयला!"

नाना काहीच बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरं झालं असतं.

मी मेकॅनिकल इंजिनियर आहे, हे इथेच सांगून टाकते, म्हणजे लाजेची खोली कळेल. शिवाय नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, एकोणतीस वर्षं एसटी चालवली, त्यातली निम्मी याच घाटात. चिपळूण–कराड. लहानपणी मला वाटायचं की हा घाट आमच्या घरचा आहे. खाकी शर्टाला डिझेलचा वास असायचा, आणि त्या वासाखाली घामाचा. ड्रायव्हरच्या डाव्या हाताला इंजिनाचं ते मोठं झाकण असायचं, त्यावर नानांचा जेवणाचा डबा ठेवलेला. पाटण येईपर्यंत भाकरी गरम होते म्हणायचे. सुट्टीत एखाद्या खेपेला मला सोबत नेत, तेव्हा झाकणाशेजारच्या सीटवर बसून मी त्यांचे पाय बघत राहायची. जुन्या गाड्यांना डबल क्लच लागायचा. क्लच दाबायचा, गियर न्यूट्रलला आणायचा, क्लच सोडून हलकासा रेस द्यायचा, परत दाबायचा आणि मग खालचा गियर. आतली दातेरी चाकं एका चालीला आली तरच गियर पडे, नाहीतर अख्ख्या बसला ऐकू जाईल असा कर्रर्र आवाज. नानांचा कधी आला नाही. वळण यायच्या आधीच, अजून रस्ता सरळ दिसत असतानाच, तो पाय दोनदा हललेला असे.

आणि मी? मी तिसऱ्या गियरमध्ये त्या वळणात शिरले. कारण डॅशबोर्डवर वरच्या गियरकडे बोट दाखवणारा एक हिरवा बाण पेटतो आणि तो पाळला की पेट्रोल वाचतं, ही पुण्याच्या सपाट रस्त्यांनी लावलेली सवय. वेग वीसवर आला होता. तिसऱ्यात वीस म्हणजे इंजिन मिनिटाला हजारेक फेऱ्यांवर, जवळजवळ झोपेत. त्या झोपेतल्या माणसाच्या डोक्यावर मी अचानक साडेतेराशे किलोचं गाठोडं ठेवलं.

ब्रोशर घरी आहे अजून. १,१९७ सीसी, ८३ हॉर्सपॉवर ६,००० फेऱ्यांना, टॉर्क ११३ न्यूटन-मीटर ४,२०० फेऱ्यांना. गाडी घेताना हॉर्सपॉवरचा आकडा आम्ही मोठ्याने वाचला होता, टॉर्कच्या आकड्यावरून नजर फिरवली होती. सगळेच असंच करतात. घोडे म्हटलं की डोळ्यांसमोर काहीतरी उभं राहतं. न्यूटन-मीटर म्हटलं की नववीचा तास. टॉर्कला पाठ्यपुस्तकात आघूर्ण म्हणतात, पण आघूर्ण कमी पडलं म्हणून गाडी बंद पडली असं कुणी म्हटल्याचं मी ऐकलेलं नाही. गॅरेजमध्ये म्हणतात गाडी 'घेत नाही', 'उचलत नाही', 'ओढ नाही तिला'. मला स्वतःला 'पीळ' हा शब्द बरा वाटतो, कारण आहे तो पीळच, फिरवण्याचा जोर. सुंभ जळला तरी जो जात नाही तो वेगळा. हा मात्र फेऱ्या उतरल्या की जातो.

११३ न्यूटन-मीटर म्हणजे किती, ते एकदा हिशोब करून पाहिलं तेव्हा मला हसू आलं होतं. एक मीटर लांबीचा पाना घ्या आणि त्याच्या टोकाला साडेअकरा किलो वजन टांगा. झालं. भरलेली कळशी. चार सिलिंडर, सोळा व्हॉल्व्ह, काही लाख रुपये, आणि या सगळ्याचा कमाल जोर किती, तर मीटरभर दांड्याला लटकवलेली एक पाण्याची कळशी. पंक्चर काढताना चाकाचा घट्ट नट सुटेना की नाना पान्यावर पाइप चढवून त्यावर उभे राहत, तेव्हा ते त्या नटाला याच्या कितीतरी पट पीळ देत असत. फरक एवढाच की नाना तो एकदा देत आणि खाली उतरत. इंजिन तीच कळशी मिनिटाला चार हजार वेळा फिरवतं. पीळ गुणिले फिरण्याचा वेग, याचं नाव पॉवर. न्यूटन-मीटरला फेऱ्यांनी गुणा, सुमारे ७,०२३ ने भागा, घोडे हाती येतात. ४,२०० फेऱ्यांना माझ्या इंजिनात सदुसष्ट घोडे होते. वळणावर, हजार फेऱ्यांना, ते फार तर दहा-बारा उरले असतील. बाकीचे सत्तर ब्रोशरमध्ये.

घोड्याचं हे माप जेम्स वॅटचं. वाफेचं इंजिन विकायचं तर घोड्यांवर धंदा चालवणाऱ्या गिऱ्हाइकाला त्याच्या भाषेत सांगायला हवं, म्हणून त्याने ठरवलं की एका मिनिटात तेहतीस हजार पौंड एक फूट उचलतो तो एक घोडा. युरोपातलं मेट्रिक माप त्याहून सुटसुटीत आहे: पंचाहत्तर किलो, एक मीटर, एका सेकंदात. म्हणजे एक बऱ्यापैकी धट्टाकट्टा माणूस सेकंदाला मीटरभर वर उचलत राहायचा. वॅट आपल्याकडे जन्मला असता तर त्याने बैल धरला असता, आणि मग कदाचित ब्रोशरमध्ये भलताच आकडा मोठ्या अक्षरात आला असता. कारण बैलाचं मोल करताना आपण वेग आणि ओढ यांची गल्लत करत नाही. आमच्या पाटणच्या आजोबांकडे खिल्लारी जोडी होती, पांढरीशुभ्र, चपळ, शर्यतीच्या रक्ताची. तिच्याबद्दल ते अभिमानाने बोलत. पण अकोले तालुक्यात राजूरला डांगी जनावरांचं प्रदर्शन भरतं, तिथे एकदा मी काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचे ते आखूड बांध्याचे बैल पाहिले. सह्याद्रीच्या पावसात, गुडघाभर चिखलात भाताच्या खाचरात चालणारे. त्यांना कुणी शर्यतीला नेत नाही आणि खिल्लाराला कुणी त्या चिखलात उतरवत नाही. त्यात कमी-जास्त असं काही नाही. चालीचा फरक आहे.

ट्रकच्या नाकावरचा आकडा मला नंतर आठवला. १६१३. लहानपणी नानांनी मला ट्रक वाचायला शिकवले होते. पुढचे दोन आकडे म्हणजे भरलेल्या गाडीचे टन, मागच्या दोनाला दहाने गुणायचं म्हणजे ढोबळमानाने घोडे. ही पद्धत मूळची मर्सिडीजची. टेल्कोने, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सने, १९५४ साली त्या जर्मन कंपनीशी करार करून ट्रक बांधायला सुरुवात केली, त्यातून ती आपल्या रस्त्यांवर आली आणि करार संपल्यावरही राहिली. तर १६१३ म्हणजे सोळा टन, एकशे तीस घोडे. टनाला आठ. आमच्या गाडीत, फणसासकट, टनाला साठाच्या वर.

टनाला आठवाला टनाला साठवालीला मागे टाकून गेला.

त्या रात्री पुण्याला पोचल्यावर झोप येईना, म्हणून टोलच्या पावतीमागे गणित मांडलं. घाटाचा चढ साधारण पाचशे मीटर धरला. साडेतेराशे किलो, पाचशे मीटर, वीस मिनिटांत. सेकंदाला किती ते काढलं, मग पंचाहत्तरने भागलं. उत्तर आलं साडेसात. साडेसात घोडे! दोनदा तपासलं. रस्त्याचं घर्षण, हवा, एसी, गियरमध्ये वाया जाणारं, सगळं धरून वाटल्यास दुप्पट करा, अडीचपट करा. वीस घोड्यांत अख्खं कुटुंब आंब्यांसह कोयनानगरला पोचतं. आणि तो ट्रक, पाऊण तासात सोळा टन वर न्यायला त्याला चाळीस घोडे पुरतात. उरलेले नव्वद त्याने नुसते सोबत घेतलेले असतात. घाट चढायला कुणालाच पॉवर कमी पडत नाही. वेळ किती लावायचा एवढंच त्या पॉवरने ठरतं.

(तेवढीच उंची उलट्या दिशेने पाणी उतरतं, हेही तेव्हाच लक्षात आलं. कोयनेचं पाणी बोगद्यांतून पश्चिमेला घाटाखाली पोफळीला पडतं आणि चारी टप्पे आणि धरणाच्या पायथ्याचं वीजघर मिळून प्रकल्पाची क्षमता होते १,९६० मेगावॉट. घोड्यांत मोजली तर सव्वीस लाखांच्या वर. लहानपणी रात्रीच्या खेपेला पोफळीचे दिवे दिसले की नाना म्हणत, "उतरताना सगळेच शूर.")

यावर माझ्या नवऱ्याचं म्हणणं होतं की पेट्रोल गाडीला टॉर्क नसतो, आपण डिझेल घ्यायला हवी होती. हे वाक्य महाराष्ट्रातल्या प्रत्येक लग्नात, जेवणाच्या पंगतीत, कुणीतरी म्हणतंच. त्यात तथ्य नाही असं नाही. फियाटचं १.३ मल्टिजेट इंजिन आठवा, आमच्या पुण्याजवळ रांजणगावला बनायचं, आणि मारुती, टाटा, फियाट असं तीन घरी नांदायचं. ७५ घोडे, म्हणजे माझ्यापेक्षा कमीच, पण टॉर्क १९० न्यूटन-मीटर, तोही फक्त २,००० फेऱ्यांना. त्या फेऱ्यांवर त्याच्याकडे चौपन्न घोडे हजर असत. माझ्या इंजिनाने त्या वेळी आपला सगळ्यात मोठा पीळ दिला असं मानलं, जे ते देत नाही, तरी बत्तीस. म्हणून डिझेलवाला वळणावर गियर न बदलता निघून जातो आणि आपल्याला वाटतं की गाडीत काहीतरी निराळंच रक्त आहे. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ हे धुराचे कडक नियम आले, मारुतीने डिझेल बंद केलं, तेव्हा घाटाखालच्या कितीतरी घरांत हळहळ झाली. आमच्याही.

पण डिझेलभक्तांशी माझं भांडण इथे सुरू होतं. चाकाला इंजिनाचा पीळ मिळत नाही, गियरमधून वाढून आलेला पीळ मिळतो. माझ्याच गाडीत पहिल्या गियरला तो जवळपास पंधरापट होऊन चाकावर पोचतो, तिसऱ्याला जेमतेम साडेपाचपट. म्हणजे पहिल्यात तिसऱ्याच्या पावणेतीनपट ओढ, त्याच इंजिनातून, त्याच पेट्रोलमधून. त्या वळणावर साडेतेराशे किलो वर ओढायला जेवढा जोर लागत होता त्याच्या थोडंसंच कमी तिसऱ्या गियरमध्ये मिळत होतं. पहिल्यात दुपटीहून जास्त मिळालं असतं. गियरबॉक्स म्हणजे दुसरं काही नाही, नानांचा पान्यावरचा पाइपच. वेग द्या, पीळ घ्या. गाडीत टॉर्क नव्हता हे खोटं. होता, मी मागितला नाही.

हे सगळं मला त्या सकाळीही माहीत होतं. यावर मी परीक्षेत दहा मार्कांचं उत्तर लिहिलेलं आहे, आलेखासकट: टॉर्कची रेघ टेकडीसारखी चढते, सपाट होते, उतरते, पॉवरची रेघ त्यानंतरही चढत राहते. दोन्ही रेघा मी सुंदर काढल्या होत्या. पण वळणावर आलेख दिसत नाही. तिथे सीटखालून येणारी एक थरथर असते, आवाजात एक घोगरेपणा येतो, एक्सलरेटर दाबला तरी काहीच बदलत नाही अशी एक पोकळ जागा पायाखाली जाणवते. नाना त्याला 'गाडी दमली' म्हणायचे. दमली हे कळायच्या आधी, दमणार हे कळायला हवं, आणि तेवढ्यासाठीच तो पाय.

तो पाय त्यांनी दादाला दिला, मला नाही. हे मी आजवर कुठे लिहिलेलं नाही. दादा सोळा वर्षांचा असताना नानांनी मित्राची कमांडर जीप मागून आणली होती आणि रविवारी सकाळी दोघं खेर्डीच्या पुढे जायचे. मी विचारलं तर म्हणाले, "तुला काय करायचंय, बाय, तू अभ्यास कर." मी अभ्यास केला. गाडी पुण्यात शिकले, ड्रायव्हिंग स्कूलच्या दोन क्लच असलेल्या गाडीत. शेजारी बसलेला माणूस आपल्याआधी क्लच दाबून टाकायचा आणि मला वाटायचं मलाच जमतंय. नानांवर राग होता का? असेल. पण त्या वळणावर, त्यांचा पाय मॅटवर दोनदा दाबला गेला तेव्हा, मला राग आला तो वेगळ्याच गोष्टीचा. त्यांनी तोंडाने सांगितलं नाही याचा. इतक्या वर्षांनी, स्टिअरिंग माझ्या हातात असताना, त्यांना माझ्याआधी कळलं आणि ते पायातच राहिलं.

कोयनानगरला चहाला थांबलो. आई उलटीच्या भीतीने लिंबू चाटत होती, मुलगा ट्रक मोजत होता. नाना बशीत चहा ओतताना, माझ्याकडे न बघता म्हणाले, "चाळीस-पन्नास माणसं घेऊन जायचो ना, त्यात एकही उभा माणूस पडता कामा नये असं असायचं. गियर वळणात बदलला की धक्का बसतो. म्हणून आधी बदलायचा." मग थोड्या वेळाने, "तुझं इंजिन बारीक आहे, पण ओरडू द्यायचं त्याला. ओरडलं म्हणून मरत नाही. कुथलं की मरतं." ४,२०० फेऱ्यांना कमाल टॉर्क, हे याहून नेमकं मला कुणी सांगितलेलं नाही. आम्ही पेट्रोल गाडीवाले इंजिनाला ओरडू द्यायला घाबरतो. आवाज वाढला की काहीतरी बिघडतंय, खर्च होतोय, लोक बघतायत असं वाटतं. तिसऱ्यात गपचूप कुथत राहतो.

दिवाळीत परत घाट चढलो, या वेळी भाच्याच्या इलेक्ट्रिक गाडीतून. दादाचा मुलगा, तेवीस वर्षांचा, आकडे तोंडपाठ: १२९ घोडे, २४५ न्यूटन-मीटर, "आणि आत्या, शून्य आरपीएमपासून, विचार कर!" मी विचार केला. मोटारीचा पीळ पहिल्या फेरीच्या आधीच पूर्ण तयार असतो. तिला जाग यायला फेऱ्या लागत नाहीत, म्हणून गियरबॉक्सही लागत नाही, एकच गियर पुरतो. शंभर वर्षं पेट्रोल-डिझेलवाल्यांनी दातेरी चाकं, क्लच, टर्बो लावून जी उणीव झाकली, ती हिच्यात मुळातच नाही. एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ ला पुणे–अहमदनगर धावली आणि त्याच मार्गावर १ जून २०२२ ला विजेवरची शिवाई धावली, हे नानांनी पेपरातून कापून ठेवलेलं आहे. गंमत म्हणून का दुसऱ्या कशासाठी, विचारलं नाही.

नाना पुढे बसले होते, मी त्यांच्या मागे. पोफळी मागे पडली, चढ लागला. गाडीत आवाज असा नव्हताच, टायरखालची खडी आणि एक बारीक शीळ. माकडं कठड्यावर बसली होती, पाऊस जाऊन महिनाच झाला होता, दरड हिरवी होती आणि ओल्या मातीचा वास काच खाली केल्यावर आत आला. भाचा एका हाताने गाडी चालवत बोलत होता, बॅटरी किती टक्के उरली, उतारावर ती किती परत भरते. मी ऐकत नव्हते. मला ते वळण येताना दिसलं होतं, कठड्याचा फुटलेला कोपरा आणि आतल्या बाजूचा खड्डा. मी दोन सीटांच्या फटीतून खाली पाहिलं.

पाय दोनदा दाबला गेला.

गाडी वेग जराही न मोडता वळणातून वर गेली. भाच्याचं लक्ष गेलं. "नाना, पायाला काही लागतंय का? सीट मागे घेऊ?"

"नको," नाना म्हणाले, आणि काच आणखी थोडी खाली केली.